हात परत मागताना

सिनेमा संपला, सभागृहातले दिवे लागले आणि नेहमीप्रमाणे कुणीच लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. केतकी मगदूमला या शांततेची सवय झाली होती. 'चढतं पाणी' बघून लोक आधी नाक ओढत, चष्मे पुसत, आणि मग टाळ्या वाजवत. रत्नागिरीच्या कॉलेजातली ही मुलंही तशीच निघाली. ती मंचावरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि प्रश्नांची वाट बघू लागली.

सव्वा तासाचा सिनेमा, सगळा हातानं काढलेला. कृष्णाकाठचं एक गाव, गल्लीत शिरणारं पुराचं पाणी, होडीत चढणारी माणसं, आणि गोठ्यात बांधलेलं राहिलेलं वासरू सोडवायला परत फिरणारा पंधरा वर्षांचा विशू. विशू परत येत नाही. विशू म्हणजे केतकीचा सख्खा धाकटा भाऊ विश्वजित. हे ती कुठल्याच कार्यक्रमात सांगायची नाही, पण बहुतेकांना कळायचं.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, विशूला तुम्ही मागच्या दारानं का नाही पाठवलं? तिकडून गेलं की वाचतो तो. मी कालच वाचवलाय."

सभागृहात हशा पिकला. दोघंतिघं जण "हो, मागचं दार" असं म्हणालेसुद्धा.

केतकीला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "कुठे वाचवलास?" तिनं विचारलं.

"गेममध्ये, मॅडम. 'पूररेषा'मध्ये. तुमचाच आहे ना तो?"

मुलगी धावत मंचापाशी आली आणि तिनं फोन पुढे केला. पडद्यावर विशू ओट्यावर उभा होता आणि ओलं डोकं सदऱ्याच्या बाहीनं पुसत होता. हे चित्र केतकीनं कधीच काढलेलं नव्हतं. पण रेघ तिची होती. कानाच्या पाळीपाशी पेन्सिल उचलायची आणि केसभर खाली पुन्हा टेकवायची, ही खोड तिची होती. कॉलेजात असताना सरांनी त्यावरून किती वेळा झापलं होतं. शेजारच्या घरातून आपलाच आवाज यावा आणि आपण कधीच न बोललेलं काहीतरी तो बोलत असावा, तसं तिला झालं.

"मॅडम, सही द्याल?" मुलीनं विचारलं.

केतकीनं सही दिली. कार्यक्रम कसा संपला, प्राचार्यांनी शाल कधी घातली, हे तिला नीट आठवलं नाही. परतीच्या बसमध्ये बसल्याबसल्या तिनं 'पूररेषा' उघडला आणि आंबा घाट चढून बस वर येईपर्यंत बघत राहिली.

*

कुणाचं हे काम, ते तिला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. संग्राम इंगवले. दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं.

कोल्हापूरच्या कला महाविद्यालयात दोघं एका वर्गात होते. पुढे राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन दोघांनी स्टुडिओ काढला. केतकी चित्रं काढायची. आवाज, संकलन आणि यंत्रं संग्रामकडे. विशू गेला त्या पुरात संग्राम बचावाच्या होडीवर होता, त्यामुळे सिनेमा कशावर करायचा हे दोघांना कधी ठरवावं लागलं नाही.

हातानं काढलेल्या सिनेमाचं गणित माणसाला झोपवणारं असतं. एका सेकंदाला बारा चित्रं. विशू मान वर करतो, एवढ्यासाठी खाली मान आणि वर मान ही दोन मुख्य चित्रं, आणि त्या दोहोंच्या मध्ये सरकत जाणारी मधली चित्रं. मोठ्या स्टुडिओत मधली चित्रं काढायला खोलीभर माणसं असत. इथे एकटी केतकी होती. काही वर्षांनी तिचं मनगट सुजायला लागलं, आणि सिनेमा अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. तेव्हा संग्रामनं 'हस्तक' आणला.

त्याआधीची यंत्रं चित्रं बघून चित्रं करायची. त्यातून जे बाहेर यायचं ते मेणाच्या फळांसारखं दिसायचं. हस्तकाची गोष्ट वेगळी होती. तो मुळात अर्धांगवायू झालेल्या माणसांसाठी शोधला गेला. मेंदूनं हाताला दिलेला हुकूम स्नायूंमध्ये विजेच्या बारीक लहरींनी उतरतो. बोट हलायच्या आधीच ती लहर उमटलेली असते. मनगटावर बांधलेला पट्टा या लहरी टिपायचा, पेन्सिलीतलं यंत्र दाब टिपायचं, आणि वरचा कॅमेरा कागद बघायचा. हातानं काढलेलं तर नोंदलं जायचंच, पण काढायला उचलून मागे घेतलेलं, चुकलेलं, खोडलेलं, खोडून पुन्हा तसंच काढलेलं, तेही नोंदलं जायचं. असं पुरेसे महिने चाललं की हस्तकाला त्या माणसाची चित्रं येत नसत. त्या माणसाचं चित्र काढणं येई. मग त्याला नुसतं सांगायचं, की विशू ओट्यावर बसून शेंगा सोलतोय. केतकीनं ते चित्र जन्मात काढलेलं नसलं तरी, तिनं काढलं असतं तर जसं निघालं असतं, तसंच ते निघायचं.

केतकीनं पट्टा आनंदानं बांधून घेतला होता. मुख्य चित्रं ती स्वतः काढायची, मधली हस्तक काढायचा. सिनेमा पुरा झाला. परदेशातल्या एका महोत्सवात कौतुक झालं, गावोगावच्या कॉलेजांत खेळ झाले. पुढे संग्राम पुण्याला त्रिपुटी नावाच्या गेम कंपनीत गेला. भांडण वगैरे काही झालं नाही. स्टुडिओ दोघांच्या नावावर होता आणि हस्तक स्टुडिओच्या नावावर. यात कधी काही अडचण येईल असं केतकीच्या मनातही आलं नव्हतं.

*

संग्राम तिला घ्यायला खाली आला. बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर कँटीन होतं. त्यानं तिच्यासाठी चहा घेतला. कमी साखरेचा, न विचारता.

"मला विचारायला काय झालं होतं तुला?" केतकी म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं." त्यानं सरळ तिच्याकडे बघितलं. "खोटं बोलणार नाही तुझ्याशी. पण ऐक की जरा. आपला सिनेमा किती जणांनी बघितला? गावात पन्नास खुर्च्या मांडायच्या, त्यातल्या वीस रिकाम्या. आणि आता लाखो पोरं विशूला नावानं हाक मारतात. त्याला वाचवण्यासाठी जीव टाकतात. पूर काय असतो, पाणी किती लवकर चढतं, हे आपल्या सिनेमानं शिकवलं नाही तेवढं या गेमनं शिकवलंय. मला तर वाटलं, तुला कधीतरी आवडेल."

"आणि हे?" केतकीनं आपला फोन टेबलावर ठेवला.

बसमध्ये सापडलेली एक चित्रफीत त्यावर चालू होती. कुणीतरी विशूला वासराच्या खुंट्याला बांधलं होतं आणि पाणी चढायची वाट बघत बसलं होतं. मागे तीनचार पोरांचं खिदळणं. पाणी गळ्याशी आलं, हनुवटीशी आलं. विशूचे डोळे मोठे झाले, गाल फुगले, तोंडातून बुडबुडे सुटले. मग मान एका बाजूला कलली. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि एक जण म्हणाला, आता पुन्हा, आता पत्र्यावरून ढकलू. अशा फितींचा ढीग होता. त्याला नावही पडलं होतं: विशू-डुबकी. सर्वांत विचित्र पद्धतीनं कोण बुडवतो, याच्या पैजा लागत.

संग्रामनं फोन उलटा करून ठेवला. "ते थांबवायचा प्रयत्न चालू आहे. खेळणाऱ्याला मोकळीक दिली की असं होतंच. शंभरात दोनचार जण असे निघतात."

"संग्राम, मी त्याचं बुडणं काढलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"माझ्या सिनेमात दार दिसतं आणि पाणी दिसतं. आत काय झालं ते मी काढलं नाही. दोन वर्षं बसले त्या एका प्रसंगावर. पेन्सिल टेकवायची आणि उचलायची. मला ते काढता आलं नाही. मग हे कुणी काढलं?"

"हस्तकानं."

"म्हणजे कुणी?"

संग्रामनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"नाव घे ना. कुणाच्या हातानं?"

"तुझ्या," तो हळूच म्हणाला.

"आत्ता किती ठिकाणी काढतोय माझा हात?"

त्याला त्या प्रश्नातला राग कळला नाही, किंवा सवयीनं त्याचं बोट स्वतःच्या फोनवर गेलं. "आत्ता या क्षणी? चाळीस हजारांच्या आसपास लोक खेळतायत. प्रत्येकाचं चित्र ताजं निघतं. साठवलेलं काही नसतं, म्हणून तर तो इतका जिवंत वाटतो."

केतकीनं त्याच्या कानाखाली वाजवली. कँटीनमधली माणसं वळून बघायला लागली. स्वतः केतकीही आपल्या हाताकडे बघत राहिली. हा हुकूम तरी कुठल्या पट्ट्यानं टिपलेला नव्हता.

संग्रामनं गाल चोळला. तो चिडला नाही, आणि त्यामुळे तिला अजूनच संताप आला.

"हात परत माग," तो म्हणाला. "कायदा झालाय आता तसा. ज्याचा हात त्यानं मागितला की हस्तक द्यावाच लागतो. कंपनी काही करू शकत नाही, मीही करू शकत नाही. पण एक गोष्ट समजून घे. हात परत घेतला की त्यानं काढलेलं सगळं बंद होतं. सगळं म्हणजे सगळं. 'चढतं पाणी'मधली मधली चित्रंसुद्धा त्यानंच काढलीत. तुझा सिनेमाही तुला पुन्हा कुठे दाखवता येणार नाही."

चहा तसाच टाकून केतकी उठली.

*

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, नागाळा पार्कातल्या घराचा जिना चढताना तिला आईचा आवाज आला. आई कुणाशी तरी बोलत होती.

"गरम आहे अजून. फुंकून खा की. कुठं पळून चाललंय ते?"

घरात पाहुणे आलेत असं वाटून केतकीनं चप्पल काढता काढता केस नीट केले. आत आई एकटीच होती. गॅलरीतल्या खुर्चीत बसली होती आणि फोन तिच्या गुडघ्याला टेकवलेला होता. केतकीला बघताच तिनं तो पदराखाली घेतला, आणि तेवढ्यानंच सगळं उघडं पडलं.

"दाखव," केतकी म्हणाली.

"काही नाही गं. भजनं ऐकत होते."

"आई, दाखव."

शशिकलाबाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर एक तिशीचा माणूस दूध संकलन केंद्राच्या पायरीवर बसून भाकरी खात होता. काळीभोर दाढी, कपाळावर आठी, पोट थोडं सुटलेलं. केतकीला ओळखायला दोन क्षण लागले. विशू मोठा झाला तर तिनं त्याला असाच काढला असता. दाढीच्या कडा तिनं अशाच तुटक ठेवल्या असत्या.

"पूर ओलांडला की तो मोठा होतो," आई सांगायला लागली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि तिचा आवाज अगदी घरातली बातमी सांगावी तसा झाला. "मागच्या दारानं काढायचा त्याला. मग रोज थोडा थोडा वाढतो. शेजारच्या वनिताताईंनी घालून दिलं फोनमध्ये. आता त्यानं डेअरी काढलीय. लग्नाचं म्हणत होते मी त्याला, तर हसतो नुसता."

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले बरेच महिने."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू बंद करायला सांगितलं असतंस."

हे वाक्य तिनं कालच ऐकलं होतं, दुसऱ्या माणसाच्या तोंडून. आई आणि संग्राम, ज्या दोघांवर तिचा जीव होता, त्या दोघांनी तिला अगदी एकाच कारणासाठी फसवलं होतं.

"आई, तो विशू नाही. ते यंत्र आहे. त्यांनी माझा हात चोरलाय, आणि तू त्याच्याशी जेवणखाणाच्या गप्पा मारतीस?"

"यंत्र आहे ते कळतं मला. मी काय खुळी आहे?" आईचा आवाज चढला. केतकीनं तिला कित्येक वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. "पण माझ्याजवळ तो वाचतो. तुझ्याजवळ दरवेळी जातो. पहिल्या खेळाला मला पुढच्या रांगेत नेऊन बसवलंस. पाणी गल्लीत आलं तशी मी उठले आणि बाहेर चपलांपाशी जाऊन बसले. तुला पत्तासुद्धा नव्हता. तू टाळ्या घेत होतीस. मग नाशिकला गेला तो, सोलापूरला गेला, परवा रत्नागिरीला गेला. गावोगाव नेऊन पोराला पाण्यात सोडून येतीस आणि मला विचारतीस, मी काय करते?"

केतकीच्या डोक्यात सणक गेली. पुढे तिनं जे केलं ते तिलाही नको होतं, करतानाही नको होतं. तिनं आपला फोन काढला, ती खुंट्याची फीत लावली आणि आईच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघ. तुझ्याजवळ वाचतो ना? हे बघ दुसरीकडे काय चाललंय. आत्ता. तू त्याला भाकरी भरवतीस तेव्हाच."

आईनं बघितलं. मान फिरवली नाही. फीत संपल्यावर पुढची आपोआप लागली, पत्र्यावरून ढकलण्याची. तीही तिनं पूर्ण बघितली. तिसरी लागली तेव्हा केतकीनंच फोन खाली घेतला.

शशिकलाबाई उठल्या, आत गेल्या आणि डाळ शिजायला लावली. मग त्यांनी दोन ताटं वाढली. केतकीनं दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा स्वतःचीच चीड येऊन नुसता घास कोंबला.

सकाळी पूजा झाल्यावर आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बंद कर ते."

"करते," केतकी म्हणाली. "पण आई, त्यानं माझा सिनेमाही..."

"तोही कर. दोन्ही बंद कर. माझ्या पोराला कुणी बुडवायचं नाही, आणि कुणी वाचवायचंही नाही."

*

त्या आठवड्यात संग्रामचा फोन आला. त्रिपुटीच्या वरिष्ठांशी बोलून त्यानं तोडगा आणला होता. आवाजात उत्साह होता. त्याला खरंच वाटत होतं की सगळं मिटेल.

"ऐक, नवीन आवृत्तीत विशू मरणारच नाही. कुणी काहीही केलं तरी नाही. पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर चढणारच नाही. आईंचा विशू राहील, तुझा सिनेमा राहील, आणि तुझं नाव गेमवर सर्वांत वर येईल. डुबकीवाले आपोआप कंटाळून जातील."

केतकी फोन कानाला धरून गॅलरीत येऊन उभी राहिली. तिला मोह झाला होता, आणि तो संग्रामला फोनवरून जाणवत असणार.

"गुडघ्याच्या वर चढत नाही ते पाणी कसलं रे?" ती शेवटी म्हणाली. "तू होतास ना होडीवर? माझा भाऊ एकदाच गेला. त्याला पुन्हा संधी मिळाली नाही, मला मिळाली नाही, आईला मिळाली नाही. तुम्ही त्याला हजारदा मारलंत, आणि आता म्हणता मरूच देणार नाही. दोन्हीकडे त्याचा जीव स्वस्तच केलात की."

"तू रागात आहेस."

"आहे. राहणार आहे."

हात परत मागायचं कार्यालय पुण्यात जुन्या सरकारी इमारतीत होतं. तिथल्या अधिकारी दामलेबाई सौम्य होत्या. त्यांनी केतकीच्या मनगटावर पट्टा बांधला आणि समोर कागद ठेवला. हात मागणाऱ्याचाच आहे हे यंत्रानं पटवून घ्यायचं, अशी पद्धत होती. केतकीनं विशूचा चेहरा काढला. यंत्रानं नाकारला. तिनं वासरू काढलं. तेही नाकारलं.

"असं होतं कधीकधी," दामलेबाई म्हणाल्या. "हस्तक शिकला तेव्हाचा तुमचा हात आणि आत्ताचा, यात फरक पडतो. वय होतं. शिवाय मॅडम, तुम्ही पेन्सिल फार दाबताय. जरा शांतपणे काढता का?"

"शांतपणे?" केतकी म्हणाली. "माझ्या चोरलेल्या हातासारखा माझा हात दिसत नाही, म्हणून मी शांतपणे त्याची नक्कल करू?"

दामलेबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांचा दोष नव्हता, हे केतकीला कळत होतं. तिनं पाणी पिऊन घेतलं आणि पुन्हा कागद ओढला. तासभर ती चित्रामागून चित्र काढत राहिली. पेन्सिल मोडली, दुसरी घेतली. शेवटी तिनं चेहरे सोडून दिले आणि नुसते कान काढायला घेतले. पाळीपाशी पेन्सिल उचलायची, केसभर खाली टेकवायची. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. आपण जिंकलो असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी दुपारी विशू सगळीकडून गेला. आई त्या वेळी फोन मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला शेवटचं काही सांगितलं नाही. डेअरीच्या पायरीवर बसलेल्या त्या दाढीवाल्या माणसाकडे ती नुसती बघत राहिली. मग पायरी रिकामी झाली. मागची झाडं हलत होती, कुठेतरी गाय हंबरत होती. आईनं फोन बंद केला आणि बाजूला ठेवला.

गेम बंद पडला नाही. त्रिपुटीनं विशूच्या जागी दुसरा मुलगा आणून ठेवला आणि पाणी पुन्हा चढायला लागलं. केतकीला मात्र अनोळखी लोकांचे निरोप येत राहिले. तू आमच्या विशूला मारलंस. तुला काळीज नाही. सख्ख्या भावावर कमाई करून झाली, आता आमचा आनंद बघवत नाही. सुरुवातीला ती एकेकाला उत्तर द्यायची, भांडायची. मग तिनं फोन कपाटात ठेवला.

सिनेमाही गेला. तिच्याजवळ राहिली ती तिनं स्वतः काढलेली मुख्य चित्रं. ती तिनं यंत्रावर एकामागोमाग लावून बघितली. विशू ओट्यावर असायचा आणि एकदम रस्त्यावर. आईचा हात खाली, आणि एकदम वर. मधलं सगळं गेलेलं होतं. सगळा सिनेमा उचक्या लागल्यासारखा चालत होता.

एका दुपारी तिनं काचेचं टेबल झटकून घेतलं, खालचा दिवा लावला, कोरे कागद काढले आणि दाराचा प्रसंग पुढे ओढला. तो आधी करावा असं काही ठरवलं नव्हतं. हाताला तोच लागला. दारात उभा राहून विशू मागे वळतो आणि हसून 'आलोच' म्हणतो. वळण्याचं मुख्य चित्र होतं, हसण्याचंही होतं. मधली पाच काढायची होती.

आई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिची नजर काचेवर गेली.

"हे कुठलं?"

"दारातलं. परत जाताना."

आई वाकून बघत राहिली. सिनेमाचा हा भाग तिनं कधीच बघितला नव्हता, आणि मागच्या दारानं काढलेला विशू या दारात कधी आलाच नव्हता.

"हसतोय व्हय गं?"

"हो. आलोच म्हणतो आणि जातो."

"हसत नव्हता तो." आई सरळ झाली. "चिडला होता. मी दंड धरून ठेवला होता त्याचा, जाऊ देत नव्हते. वासराला बांधून ठेवून होडीत बसायला निघालात, लाज नाही वाटत का तुम्हाला, म्हणाला. मला म्हणाला. शिवीसुद्धा दिली. आणि हात झटकला."

केतकीच्या हातातली पेन्सिल थांबली. त्या दिवशी ती कोल्हापुरात होस्टेलवर अडकली होती. दारात काय झालं ते तिनं बघितलंच नव्हतं. तिनं ते काढलं होतं.

"हे तू मला एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस?" तिचा स्वर चढलाच.

"तू विचारलंस कुठं? तू सरळ काढायलाच बसलीस."

मग केतकीनं ते हसण्याचं चित्र काचेवरून उचललं आणि टराटरा फाडलं. नवा कागद लावला.

"कसा झटकला?"

आई खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, तिनं पदर खोचला, उजवा खांदा वर घेतला आणि कुणीतरी धरलेला हात सोडवून घ्यावा तसा जोरात झटका दिला. त्या झटक्यानं ती स्वतःच थोडी हेलपाटली, पण चौकट धरायला तिनं हात पुढे केला नाही.

"परत दाखव."

आईनं परत दाखवला. या वेळी मानही फिरवली, हनुवटी पुढे काढली. केतकी भराभर काढत होती. मनगट दुखत होतं, रेघ जाड उमटत होती, कागद दाबानं चिरत होता. तिनं चेहरा पुरा केला आणि कागद आईकडे वळवला.

शशिकलाबाईंनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"अजून," त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा जास्त चिडला होता."

केतकीनं खोडरबर उचललं.